केंद्र तीनचा गाळ

१४ जुलै २०२४, रविवार. भिंगार

एक्कावन्नाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घालणाऱ्याला विद्यार्थी म्हणावं की मास्तर, असं दमयंतीने सकाळी चहा देताना विचारलं. प्राचार्यपदाच्या मुलाखतीला डॉक्टरेट लागते म्हणून हा खटाटोप आहे, हे तिला ठाऊक आहे. तरी विचारते.

विषय मंजूर झाला: तलावाच्या गाळात साचणारा स्फुरद. डीएपी खताच्या गोणीवरचा जो दुसरा आकडा, तोच हा. शेतातून मातीबरोबर वाहत येतो, तळाशी बसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. तलाव मी पिंपळदऱ्याचा निवडला, खर्ड्याच्या अलीकडचा. बहात्तरच्या दुष्काळी कामावर बांधलेला. वडील त्या गावच्या शाळेत एकोणीस वर्षं होते, तेव्हा ओळखीचं गाव, चहापाणी मिळेल, हाही हिशेब होता.

काल पहिली चक्कर झाली. मच्छीमार संस्थेचे चेअरमन कारभारी भेटले. साठीचा माणूस, बारीक अंगाचा, बोलणं मोजकं. वडिलांकडे चौथीपर्यंत शिकलेला. "गुरुजींचा मुलगा म्हनल्यावर तुमचं काम आमचंच हाय," म्हणाले. मला चार ठिकाणचा गाळ हवा आहे: नाल्याच्या तोंडाशी, डाव्या काठाला, मधोमध आणि भिंतीजवळ. मधोमधचं ते केंद्र तीन. दर महिन्याला जाऊन तळापर्यंत नळी रुतवायची आणि गाळ वर काढायचा.

होडी पाहिली. होडी कसली, थर्माकोलचे ठोकळे गोणपाटात शिवून केलेला तराफा आहे. कारभारी त्यावर बाजेवर बसावं तसे बसतात. म्हणाले, "जो पैल्यांदा पान्यावर येतो त्याच्या नावानं मधी जाऊन नारळ फोडायचा, अशी आमची रीत हाय. पुढच्या वक्ताला नारळ घिऊन या." मी हो म्हणालो. पोहता येत नाही, हे म्हणालो नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

पाऊस भुरभुरत होता, वारा होता. कारभारी म्हणाले, वारा तासाभरात पडंल, थांबा. मी म्हणालो, मला परत जायचंय. मग संस्थेच्या फरशीवरूनच, म्हणजे जिथे मासे उतरवून धुतात तिथूनच, नळी खाली घालून चार वेळा गाळ काढला. चार पिशव्या झाल्या. पिशव्यांवर केंद्र एक, दोन, तीन, चार लिहिलं. खोलीचे आकडे पाटबंधारेवाल्यांकडून मिळालेल्या जुन्या नकाशावरून घातले. केंद्र तीन, नऊ मीटर.

पुढच्या महिन्यात नीट करू. एका महिन्याने काय होतंय.

"नारळ आनलाय का?" कारभारींनी विचारलं होतं. विसरलो म्हणालो.

२२ सप्टेंबर, रविवार

आज ऊन होतं, पाणी स्थिर होतं, सबब काहीच नव्हती. तराफ्यावर एक पाय ठेवला. तो खचला, म्हणजे दोन बोटं खाली गेला आणि पुन्हा वर आला. एवढंच झालं. पण माझा पाय आपोआप मागे आला.

आठ वर्षांचा असताना मामाने पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणाला. डबा सुटला. वर कुणी काढलं ते आठवत नाही, पाण्याखालून दिसलेला विहिरीचा गोल तोंडाएवढा उजेड मात्र आठवतो. हे मी दमयंतीला लग्नानंतर सतराव्या वर्षी सांगितलं. कारभारींना कुठल्या तोंडाने सांगणार? रसायनशास्त्राचा प्राध्यापक, आणि थर्माकोलला भितो.

पुन्हा फरशीवरूनच चार पिशव्या. कारभारी शेजारी जाळं विणत बसले होते. नारळाचं विचारलं. मी जरा वैतागून म्हणालो की शास्त्राच्या कामात नारळाचं काय. ते जाळ्याची पुढची गाठ मारत राहिले. त्यांना बहुधा हे चार पिशव्यांचं कळलं नसावं.

२७ ऑक्टोबर, रविवार

दोन महिन्यांचे आकडे आले. चारही केंद्रांवर स्फुरद भरपूर, आणि चारही आकडे एकमेकांना लागून. मार्गदर्शक खूश. म्हणाले, "इतकी एकसारखी मापं क्वचित मिळतात." मी मान हलवली. एकाच फरशीच्या कडेला हात-हात अंतरावर काढलेली मापं एकसारखी नाही येणार तर काय.

फरशीपाशी गाळात स्फुरद असणारच. संस्थेवाले माशांना शेण, भाताचा कोंडा आणि पेंड घालतात ते तिथूनच, मासे धुतात तेही तिथेच. याचा विचार आज पहिल्यांदा नीट केला आणि वही मिटून ठेवली.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पिंपळदऱ्याचे सरपंच कल्याणराव यांचा फोन. तलावाचं पाणी हिरवं पडलंय, नळाला वास येतो, बाया ओरडतायत. "सर, तुमी आमच्या तलावाचा अभ्यास केलाय. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत दोन शब्द सांगा. कागदावर पन द्या."

नाही म्हणायला हवं होतं. पण "आमच्या गुरुजींचे चिरंजीव" असं ते तीनदा म्हणाले आणि मला ते आवडलं. एका पानाचा अहवाल लिहिला. तक्ता घातला, चार केंद्रं, खोली, स्फुरद. मास्तरकीची सवय, तक्ता छान दिसतो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात सभा झाली. दोनेकशे माणूस. सरपंचांनी ओळख करून दिली: "गुरुजी एकोणीस वर्सं या गावात हुते. एक शब्द खोटा बोलले न्हाईत. त्यांच्या मुलानं आपल्या तलावाचा तळ मोजलाय." शाल आणि श्रीफळ दिलं.

मी अहवाल वाचला. गाळात साठलेला स्फुरद तळातून सुटून वर येतो आणि त्यावर हिरवं शेवाळ पोसतं, हे सोप्या भाषेत सांगितलं. ते खरं आहे. मग कुणीतरी विचारलं, हा स्फुरद आला कुठून? मी सावरून सांगणार होतो की शेतातून, वरच्या अंगाच्या कांद्याच्या आणि उसाच्या रानांतून, कोंबड्यांच्या शेडमधून. पण तेवढ्यात सरपंचच म्हणाले, "सगळीकडं सारखाच हाय म्हंजे तलावातच कोनीतरी घालतंय. शेन कोन घालतं तलावात? पेंड कोन घालतं?"

सगळ्यांच्या माना फरशीवाल्यांकडे वळल्या. भोयांची एकतीस घरं या तलावावर जगतात, आणि त्यांचा भाडेपट्टा जूनमध्ये संपतो. तो पुन्हा मिळायला ग्रामसभेचा ठराव लागतो. हे मला तिथे, त्या क्षणी कळलं.

छबूबाई म्हणून एक म्हातारी आहे. तलावाच्या भिंतीवर शेळ्या चारते. ती भिंत बांधताना पोरवयात तिने टोपल्या वाहिल्यात. ती उठून म्हणाली, "सर मधी गेलते का? म्या तर रोज भितीवर अस्ते. मला कदी दिसले न्हाईत."

मी अहवालाचा कागद उलटापालटा करत राहिलो. सरपंचांनी विचारलं, "कारभारी, सरांना तूच नेलंस ना?"

कारभारींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, शाळेच्या व्हरांड्याकडे पाहिलं, जिथे वडिलांचा फोटो लावलाय. म्हणाले, "व्हय. मीच नेलं. लई येळा नेलं."

ग्रामसेवकांनी ते लिहून घेतलं. भाडेपट्टा पुढे द्यायचा नाही, असा ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत वरच्या अंगाचे कांदेवाले पहिले होते.

कारभारी असं का बोलले, मला कळत नाही. वय झालंय, दुसऱ्या कुणाला नेलेलं आठवत असेल. भोळा माणूस आहे.

२७ जानेवारी

दमयंतीने सत्काराचा नारळ खवून वड्या केल्या. आमच्या लेकीने, मनवाने, दोन डब्यात नेल्या. मी खाल्ली नाही म्हणून दमयंतीने कपाळाला हात लावून पाहिला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी प्रयोगशाळेच्या दारात एक मुलगी. ओळखली नाही. "मी आरती. कारभारींची मुलगी. तीन वर्षांपूर्वी तुमच्याच हाताखाली बी.एस्सी. झाले." आता संस्थेचा कारभार ती पाहते. हातात माझ्या अहवालाची झेरॉक्स होती.

"सर, एक शंका आहे. बाबा म्हणाले विचारू नकोस, म्हणून त्यांना न सांगता आले. केंद्र तीनला तुम्ही नऊ मीटर लिहिलंय. आमच्या जाळ्याची दोरी सहा मीटरची आहे. मधोमध सोडली की तळाला लागते आणि हातभर उरते. गाळाने तलाव भरत आलाय ना. नऊ मीटर आता कुठेच नाही."

मी म्हणालो, ते पावसाळ्यातलं माप आहे.

"पावसाळ्यातही नाही सर." मग माझा चेहरा पाहून लगेच, "माझीच चूक असेल. तुमचं उपकरण असेल त्यासाठी."

तिने मला सोडवलं. बापाने सोडवलं, लेकीने सोडवलं. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. ती गेल्यावर नोंदवहीत चारही केंद्रांच्या नोंदी पेनने गिरवून गिरवून काळ्या केल्या, कागद फाटेपर्यंत. नळाखाली हात धुतले. शिपायाने विचारलं, काही सांडलं का सर?

२ मार्च, रविवार

दमयंतीला सगळं सांगितलं. पोळ्या लाटता लाटता तिने ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "आणि त्या माणसाला हे माहीत होतं?"

मी म्हणालो, नाही, त्याला कुठून माहीत असणार.

"त्याचा तराफा आहे, सुहास. आपल्या तराफ्यावर कोण बसलं नि कोण नाही, हे त्याला माहीत नसेल?"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात तेही नव्हतं. समोर बसून जाळं विणणाऱ्या माणसाला मी सहा महिने आंधळा समजत आलो.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी सातला पिंपळदऱ्यात पोचलो. महिनाभर जाईन जाईन म्हणत होतो आणि दर रविवारी गाडीचं काहीतरी निघत होतं. आज रजा टाकली.

कारभारींना म्हणालो, मला मधी न्या. ते काही न विचारता उठले. मला तराफ्याच्या मधोमध बसवलं, पोटाला दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. म्हणाले, "तुमी पडला तर मी पडन. मग दोगं बी वर यिऊ."

मी डोळे मिटून होतो हे लिहायला लाज वाटते. पण आता लाजेचंच लिहायचं ठरवलंय. पाणी हिरवट, दाट, वास मारणारं. मधोमध आल्यावर कारभारींनी वल्हं थांबवलं आणि पिशवीतून नारळ काढला. सोललेला, शेंडी राखलेला, हळदीचं बोट लावलेला. मी आणला नव्हता. त्यांनी आणला होता.

"पैल्यांदाच ना, सर," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

मी विचारलं, "मग सभेत तुम्ही तसं का बोललात?"

त्यांनी नारळाची शेंडी नीट केली. "सरपंचानी गुरुजींचं नाव घेतलं हुतं. वर फोटू. समदं गाव बसल्यालं. तिथं मी कसं म्हनू, गुरुजींचा मुलगा खोटं बोलतोय?"

"पण त्यात तुमचीच संस्था बुडत होती."

"ते मागनं ध्यानात आलं," ते म्हणाले.

नारळ तराफ्यावरच्या नांगराच्या दगडावर फोडला, अर्धा पाण्यात सोडला, अर्ध्यातला तुकडा मला दिला. मग दोरी टाकून खोली मोजली. पाच मीटर आणि वर थोडी. नळी रुतवली, दोघांनी मिळून ओढली. अडीच हात मऊ काळा गाळ निघाला आणि त्याच्या खाली शेवटी पांढुरका मुरूम. म्हणजे बहात्तर सालचा तळ.

चारही केंद्रं केली. फरशीजवळचं पाचवं वेगळं घेतलं आणि पिशवीवर फरशी असंच लिहिलं.

२६ एप्रिल, शनिवार

निकाल आले. फरशीपाशी स्फुरद सगळ्यात जास्त, खरंच. पण वीतभरच, आणि तोही खाटेएवढ्या जागेत. नाल्याच्या तोंडाशी आणि मधोमध अडीच अडीच हात खोल, सबंध तळभर. सगळा धरला तर फरशीचा वाटा शंभरात दोनसुद्धा भरत नाही. बाकीचा रानांतून आलाय, पन्नास पावसाळ्यांत. जे गेल्या पावसाळ्यात एका दिवसात कळलं असतं ते आज कळलं. वरातीमागून घोडं.

विद्यापीठाला पत्र लिहिलं: आधीची सर्व मापं बनावट आहेत, नोंदणी रद्द केली तरी तक्रार नाही. मार्गदर्शकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हे लिहून कशाला दिलंत?" आणि फोन ठेवला.

१ मे, गुरुवार

पुन्हा तेच पटांगण. सरपंचांना आधी सांगितलं होतं. त्यांनी या वेळी ओळख करून दिली नाही.

उभा राहून सांगितलं. मी मधे कधी गेलो नव्हतो, मला पाण्याची भीती वाटते, चारही मापं फरशीवरची होती, खोली जुन्या नकाशावरून उतरवली होती. मग नवे आकडे सांगितले, रानांचं सांगितलं, कोंबड्यांच्या शेडचं सांगितलं. कुणी टाळ्या वाजवणार नव्हतंच. एक कांदेवाला उठला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सर, मागल्या टायमाला बी तुमी असंच कागद बघून सांगितलं हुतं. आता जे सांगताय ते तरी बघून सांगताय का?"

मी नव्या आकड्यांच्या कागदाची घडी घातली.

आरती बसल्या जागेवरून म्हणाली, "बाबांनी नेलंय या वेळी." सरपंच म्हणाले, "त्यांनी मागं बी नेलं हुतं. वहीत लिवल्यालं हाय." कुणीतरी हसलं. माझ्यासाठी दिलेल्या साक्षीने कारभारींच्या शब्दाची किंमत संपवली होती, आणि आज एकतीस घरांसाठी तो शब्द हवा होता.

तेव्हा छबूबाई उठली. माझ्याकडे पाहिलंही नाही. "कारभारी," ती म्हणाली, "सरांचा नारळ कवा फोडला?"

या गावात नारळाशिवाय कुणाला पहिल्यांदा पाण्यावर नेत नाहीत, आणि एका माणसाचा नारळ दोनदा फोडत नाहीत. हे भोयांनाच नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्याबद्दल खोटं बोललेला भोई मी ऐकला नाही, असं नंतर सरपंचच मला म्हणाले.

कारभारी उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. "ह्याच म्हैन्यात," म्हणाले, मग चूक सुधारून, "म्हंजी गेल्या. एप्रिलच्या सोळा तारखंला."

"मंग मागं काय सांगितलंस?"

"मागं खोटं बोललो, आक्का."

साठ वर्षांत या माणसाने हे वाक्य म्हटलं नसेल. ते त्याला माझ्यापायी म्हणावं लागलं, लेकीसमोर. मी खाली पाहत होतो. माझ्या बुटाला अजून त्या दिवशीचा गाळ होता.

ठराव मागे घेतला. एकमताने नाही, पण घेतला. भाडेपट्टा राहिला. रानांचं काय करायचं यावर बोलणं पुढच्या सभेवर गेलं. मग कारभारींनी सांगितलं की सभेत खोटं बोललेल्या माणसाने चेअरमन राहू नये. संस्थेच्या माणसांनी नको नको म्हटलं. त्यांनी किल्ल्या आरतीच्या हातात दिल्या आणि विषय संपवला.

सभा उठल्यावर ते ग्रामसेवकाकडे गेले. जानेवारीच्या इतिवृत्तातलं आपलं बोलणं काढायला सांगितलं. ग्रामसेवक म्हणाले, पांढरी शाई लावून टाकतो, कुणाला दिसणार नाही. "न्हाई," कारभारी म्हणाले. "गुरुजी म्हनायचे, चुकलं तर खोडायचं न्हाई. एक रेघ मारायची. चूक खालून दिसली पायजे, मग शेजारी बरोबर लिवायचं." त्यांनी पट्टी मागितली, स्वतः रेघ मारली, शेजारी लिहिलं आणि सही केली. सहीतला र वडिलांच्या वळणाचा होता. माझा तसा नाही.

मी चौथीला वडिलांच्याच वर्गात होतो. हा नियम मीही ऐकलाय.

८ जून, रविवार

विद्यापीठाचं उत्तर आलं. नोंदणी रद्द. प्राचार्यपदाची जाहिरात काल पेपरात होती, दमयंतीने ते पान भाजीखाली घातलं.

आज काम काही नव्हतं. नोंदवही काढली. काळी केलेली ती पानं अशी झालीत की उजेडाला धरली तरी खालचं काही दिसत नाही. मी किती नीट झाकलं होतं. नवं पान घेतलं. चारही नोंदी पुन्हा लिहून काढल्या, जशा खोट्या होत्या तशाच, आठवून आठवून. केंद्र एक, केंद्र दोन. केंद्र तीन, खोली नऊ मीटर. केंद्र चार.

मग प्रत्येकीवर पट्टीने एक रेघ मारली. शेजारी फरशी असं लिहिलं, चार वेळा, आणि खाली सही केली.